परसातील कोंबडी आजारी पडते तेव्हा

दिवे लागण्याची वेळ झालेली असते. अंगणात दिवसभर उकिरडा उकरून, दाणे टिपून कोंबड्या एकेक करून खुराड्याकडे परतू लागतात. घरातील बाई सवयीने त्या मोजून घेते. सहा आत गेल्या. सातवी मात्र तुळशीवृंदावनाच्या आडोशाला पिसारा फुगवून, डोळे मिटून उभी आहे. सकाळी टाकलेल्या ज्वारीला तिने तोंड लावलेले नाही. हाताने धरायला गेले तर पळतही नाही. इतक्यात ओसरीवरून सासूबाई म्हणतात, "उद्या बाजार आहे गं. मरायच्या आत विकून मोकळी हो!"

हा प्रसंग आपल्या राज्यातील कोणत्याही खेड्यात, कोणत्याही आठवड्यात घडणारा आहे. घरातील इतरांना तो क्षुल्लक वाटतो. एका कोंबडीचे ते काय, असे म्हणून तो विसरलाही जातो. परंतु त्या रात्री घेतल्या जाणाऱ्या निर्णयावर उरलेल्या सहा कोंबड्यांचे, शेजारच्या दहा घरांतील कोंबड्यांचे, आणि कित्येकदा बाजाराला आलेल्या चार गावांतील कोंबड्यांचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून आजारी कोंबडी कशी ओळखावी, तिच्यासाठी घरी काय करता येते, काय करता येत नाही, आणि कोणत्या गोष्टी मुळीच करू नयेत, याची माहिती प्रत्येक कोंबडीपालकास असणे अगत्याचे आहे.

घरच्या बाईचे भांडवल

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार आपल्या देशात सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्षी असून त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसात पाळले जातात. मोठमोठ्या व्यापारी शेडची भरभराट डोळ्यांत भरत असली तरी अंगणातील कोंबडीचे महत्त्व कमी झालेले नाही, हेच या आकड्यांवरून दिसून येते.

देशी कोंबडी वर्षाकाठी फार तर साठ-सत्तर अंडी देते. मात्र तिच्यासाठी वेगळे खाद्य विकत आणावे लागत नाही. खुडूक बसली की २१ दिवसांत ती स्वतःच पिले काढते आणि स्वतःच ती वाढविते. अंड्यांचे व कोंबड्यांचे हे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतात. मुलांच्या वह्या, औषधाची बाटली, माहेरी जाण्याचे एस. टी. चे भाडे अशा गरजांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणूनच साथीत खुराडे रिकामे झाले म्हणजे त्या घरातील स्त्रीची पुंजीच एका आठवड्यात नाहीशी झालेली असते.

दुखणे लपविणारा पक्षी

"काल चांगली होती, आज एकाएकी मेली," असे कोंबडीविषयी नेहमी ऐकू येते. वस्तुस्थिती बहुधा निराळी असते. कळपात दुबळ्या पक्ष्याला इतर पक्षी टोचून बाजूला सारतात, आणि कुत्रे, मांजर, घार, मुंगूस यांची नजरही प्रथम त्याच्यावरच जाते. त्यामुळे दुखणे शक्य तितके झाकून ठेवण्याची उपजत वृत्ती कोंबडीच्या अंगी असते. अंगात बळ आहे तोवर ती इतरांबरोबर दाणे टिपण्याचा निदान देखावा तरी करते. ती उघडपणे मान टाकून बसलेली दिसते, तेव्हा दुखणे पुष्कळच पुढे गेलेले असते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली ही, की कोंबडी मलूल दिसताच त्याच दिवशी हालचाल केली पाहिजे. दुसरी ही, की रोज सकाळी खुराडे उघडताना व सायंकाळी झाकताना दोन मिनिटे कोंबड्यांकडे बारकाईने पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. कोणती कोंबडी सर्वांत शेवटी बाहेर आली, कोणती दाण्यापाशी धावली नाही, कोणत्या जागी विष्ठेचा रंग वेगळा दिसला, या साध्या गोष्टी वेळीच लक्षात आल्या तर दोन दिवस हाती लागतात. पुष्कळदा तेच दोन दिवस मोलाचे ठरतात.

मात्र मलूल दिसणारी प्रत्येक कोंबडी आजारीच असते असे नव्हे. खुडूक बसलेली कोंबडी पिसे फुगवून एका जागी बसून राहते व फारच थोडे खाते. परंतु जवळ गेल्यास ती जोराने कुरकुरते व चोच मारते. पिसे गाळण्याच्या काळातही कोंबडी ओकीबोकी दिसते आणि अंडी देणे थांबविते. या दोन्ही अवस्थांत तिचे डोळे तेजस्वी व हालचाल सावध असते. आजारी कोंबडीची सावधगिरीच नाहीशी होते, हा मुख्य फरक होय.

पाहणी कशी करावी

संशय येताच कोंबडीला शांतपणे, पंख दोन्ही हातांनी अंगाशी दाबून धरावे आणि डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने पाहावे. डोळे स्वच्छ आहेत की पाणावलेले, नाकातून चिकट स्राव येतो काय, तुरा लालबुंद आहे की फिका अथवा निळसर पडला आहे, हे प्रथम पाहावे. फिका तुरा रक्त कमी झाल्याचे व निळसर तुरा श्वास अथवा रक्ताभिसरण बिघडल्याचे लक्षण असते. कोंबडीची छाती कानाजवळ नेल्यास घरघर ऐकू येते की नाही तेही कळते. कडक उन्हात कोंबड्या चोच उघडी ठेवून धापा टाकतात, ते स्वाभाविक आहे. परंतु सकाळच्या गारव्यात चोच उघडून, मान लांबवून श्वास घेणारी कोंबडी निश्चितपणे आजारी समजावी.

त्यानंतर गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपावी. सायंकाळी ती भरलेली व पहाटे रिकामी असावयास हवी. पहाटेही ती टणक अथवा पाण्याच्या फुग्यासारखी भरलेली लागली, तर अन्न पुढे सरकलेले नाही असे समजावे. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. हाड सुरीच्या धारेसारखे टोचत असेल, तर दुखणे आजचे नाही. कोंबडी कित्येक आठवडे झिजते आहे. पंखाखालची व शेपटीखालची पिसे बाजूला करून उवा, पिसवा, गोचिडी आहेत काय, आणि गुदद्वाराजवळची पिसे विष्ठेने माखली आहेत काय, हेही पाहावे.

अंगाला हात लावून ताप ठरवू नये. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा चार-पाच अंशांनी अधिक असते. त्यामुळे धडधाकट कोंबडीही आपल्या हाताला गरमच लागते. उलट आजारी कोंबडीचे पाय गार पडलेले लागले, तर ती गंभीर अवस्थेची खूण असते.

विष्ठेवरून पुष्कळ गोष्टी कळतात. करड्या-तपकिरी रंगाच्या घट्ट विष्ठेवर पांढरी टोपी असणे हे प्रकृती चांगली असल्याचे चिन्ह होय. अधूनमधून पडणारी गडद तपकिरी, चिकट व दुर्गंधीयुक्त विष्ठाही नैसर्गिकच असते. तिला हगवण समजू नये. गर्द हिरवी पातळ विष्ठा, रक्तमिश्रित विष्ठा, किंवा पांढरी पाण्यासारखी विष्ठा मात्र आजार सुचविते.

पहिल्या तासातील तीन कामे

रोग कोणता याचा निर्णय होण्याची वाट न पाहता तीन कामे तत्काळ करता येतात. त्यांसाठी पैसा लागत नाही.

पहिले काम म्हणजे आजारी कोंबडी वेगळी करणे. डालग्याखाली किंवा जुन्या खोक्यात, इतर कोंबड्यांपासून शक्य तितकी दूर, शांत व अंधाऱ्या जागी तिला ठेवावे. खाली कोरडा भुसा अथवा जुनी गोणी अंथरावी. तिचे पाण्याचे भांडे वेगळे असावे. घरच्या कोंबड्यांना दाणापाणी आधी करावे, आजारी कोंबडीकडे सर्वांत शेवटी जावे, आणि नंतर साबणाने हात-पाय धुवावेत. या क्रमाला फार महत्त्व आहे, कारण रोग एका पक्ष्यापासून दुसऱ्याकडे आपल्या हातांनी व पायांनीच जातो.

दुसरे काम म्हणजे ऊब देणे. आजारी पक्ष्याला शरीराची उष्णता टिकविता येत नाही. थंडी-पावसाच्या दिवसांत खोक्याच्या एका टोकाला विजेचा साधा पिवळा दिवा टांगावा किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. उकाडा वाटल्यास कोंबडीला दूर सरकता येईल एवढी जागा मोकळी असू द्यावी. उन्हाळ्यात मात्र याच्या उलट करावयाचे. विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हात पंख पसरून धापा टाकणारी कोंबडी उष्माघाताची असू शकते. तिला सावलीत आणून तिचे पाय गार पाण्यात बुडवावेत. बर्फाचे पाणी वापरू नये.

तिसरे काम म्हणजे पाणी देणे. कोंबडी भुकेपेक्षा तहानेने लवकर खचते. एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी तिच्यापुढे ठेवावे व दररोज नवे करावे. ती आपण होऊन पीत नसेल तर चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडावे व प्रत्येक थेंब गिळू द्यावा. चोच उघडून पाणी, तेल अथवा औषध ओतणे धोक्याचे आहे. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी उघडेच असते. ओतलेले पाणी फुप्फुसात जाते, आणि रोगाने न मेलेली कोंबडी आपल्या उपचाराने मरते. खाण्यासाठी भिजविलेल्या कण्या, मऊ भात किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक थोडा थोडा ठेवावा. बळजबरी करू नये.

ही तीन कामे कोणत्याही रोगावरील औषध नव्हेत. परंतु डॉक्टर येईपर्यंत कोंबडी टिकविण्याचे आणि बाकीच्यांना वाचविण्याचे कार्य ती निश्चित करतात.

मानमोडी

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी अथवा राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हा रोग ओळखला गेला, आणि त्यानंतर लगेचच कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे त्याची नोंद झाली. त्या गावाचे नाव आपल्याकडे रोगाला चिकटले. मराठीतील 'मानमोडी' हे नाव मात्र रोगाच्या लक्षणावरूनच पडलेले आहे. १९१८ सालच्या इन्फ्ल्यूएन्झाच्या महाभयंकर साथीलाही आपल्या खेड्यांतून मानमोडीच म्हणत, यावरून या शब्दामागची धास्ती ध्यानात यावी.

हा विषाणूजन्य रोग आहे. विषाणूने शरीरात प्रवेश केल्यापासून बहुधा पाच-सहा दिवसांत लक्षणे दिसू लागतात. प्रथम शिंका, घरघर, चोच उघडून श्वास घेणे. मग हिरवट पातळ हगवण, अंडी एकदम कमी होणे किंवा मऊ कवचाची पडणे. पुढे पंख लुळे पडणे, पाय ओढणे, आणि मान एका बाजूस अथवा पाठीवर पिळली जाणे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. मात्र प्रत्येक कोंबडीत सर्व लक्षणे दिसतीलच असे नाही. कित्येक कोंबड्या मान मोडण्यापूर्वीच दगावतात. लस न टोचलेल्या कोंबड्यांत तीव्र साथ आली तर शंभरातील नव्वदांहून अधिक पक्षीही मरू शकतात.

येथे एक कटू सत्य स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मानमोडीवर औषध नाही. बाजारातील कोणतीही गोळी, कोणतेही प्रतिजैविक किंवा कोणताही झाडपाला या विषाणूला मारू शकत नाही. लागण झालेल्या कोंबडीची शुश्रूषा करता येते. दुय्यम जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टर काही औषध देतील. एखादी वाचतेही, पण तिची मान बहुधा कायमची वाकडी राहते. म्हणून या रोगात उपचारावर पैसे घालविण्यापेक्षा लागण झालेली कोंबडी दूर करून उरलेल्यांचे रक्षण करणे हेच शहाणपणाचे असते.

मानमोडीसारखे दिसणारे, पण बरे होऊ शकणारे आजार

असे असले तरी मान टाकलेली किंवा हिरवे हगणारी प्रत्येक कोंबडी मानमोडीचीच आहे असे गृहीत धरून तिच्या नावाने हात झटकू नयेत. दिसायला सारखे असणारे काही आजार वेळीच ओळखल्यास बरे होतात.

मान पिळलेली आहे की नुसती लुळी पडलेली आहे, हे नीट पाहावे. सडलेल्या मेलेल्या प्राण्यावरील अळ्या किंवा कुजके अन्न खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेत मान पिळली जात नाही. ती दोरीसारखी लोंबते आणि अंगही सैल पडते. अशी कोंबडी सौम्य बाधेत पाणी व शुश्रूषा यांवर दोन-तीन दिवसांत उठू शकते.

पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले बियाणे, किंवा फवारणीनंतर शेतातील मेलेले किडे खाऊनही विषबाधा होते. एकाच दिवशी अनेक कोंबड्या थरथरू लागल्या, तोंडातून लाळ गळू लागली, तर कोणते औषध वापरले होते त्याचा डबा किंवा वेष्टण घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. काही कीटकनाशकांवर डॉक्टरांपाशी उतारा असतो, परंतु तो तासाभराच्या मोलाचा असतो.

तिसरा आजार गोचिडीमुळे होतो. कोंबड्यांना चावणारी मोठी गोचीड दिवसा खुराड्याच्या फटींत व भिंतीच्या भेगांत दडून बसते आणि रात्री रक्त पिते. दिवसा कोंबडी तपासल्यास ती दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहाव्यात. तिच्या चाव्यातून एक जंतू रक्तात शिरतो. कोंबडीला ताप येतो, तुरा फिका पडतो, हिरवी हगवण लागते व पाय लुळे पडतात. वरवर पाहता ही मानमोडीच वाटते. परंतु हा रोग पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होतो. औषधाबरोबर खुराड्याच्या भेगा लिंपून चुना देणे आवश्यक आहे. एरवी रोग पुन्हा उद्भवतो.

इतर नेहमीचे आजार

पावसाळ्यात जमीन ओलसर राहिली की तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांत रक्ती हगवण पसरते. पिले पंख पाडून एकमेकांना चिकटून बसतात व विष्ठेत रक्त दिसते. पाण्यातून द्यावयाच्या औषधाने हा रोग आटोक्यात येतो. मात्र रक्त दिसल्याच्या दिवशीच औषध सुरू व्हावयास हवे व खालचा भुसा बदलून जागा कोरडी करावयास हवी.

तुऱ्यावर व डोळ्यांभोवती मसुरीएवढे फोड येणे ही देवी होय. ही डासांमुळे पसरते. खपल्या ओढून काढू नयेत. त्यांवर आयोडीन लावावे, डोळे कोमट पाण्याने पुसून उघडे ठेवावेत, म्हणजे कोंबडीला दाणे दिसतात. देवीने दिसेनाशा झालेल्या कित्येक कोंबड्या केवळ उपासमारीने मरतात. तोंडात फोड आल्यास मात्र दुखणे गंभीर समजावे. एरवी तीन-चार आठवड्यांत खपल्या गळून कोंबडी बरी होते.

अंडे अडकलेली कोंबडी वारंवार घरट्यात जाऊन कण्हते, शेपटी खाली टाकून ताठ उभी राहते. तिचा मागील भाग अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवावा, गुदद्वाराला गोडे तेल लावावे व तिला अंधाऱ्या, उबदार जागी एकटी सोडावे. पुष्कळदा काही तासांत अंडे बाहेर पडते. पोट दाबून किंवा अंडे आत फोडून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आत फुटलेल्या कवचाने कोंबडी दगावते. घरातील अंड्यांची कवचे भाजून, कुटून दाण्यात मिसळल्यास किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवल्यास हा त्रास कमी होतो.

खाद्याची पिशवी गच्च झाली असेल तर एक दिवस दाणा बंद ठेवावा, पाणी व तेलाचे थोडे थेंब द्यावेत आणि पिशवी बोटांनी हळुवार चोळावी. दोरा, प्लास्टिक किंवा वाळलेले लांब गवत गिळल्याने असे होते. एका दिवसात फरक न पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

जे करू नये

माणसांच्या गोळ्या अर्ध्या-पाव करून कोंबडीस देणे, शेजारच्या घरी उरलेले औषध आणून पाजणे, उवांसाठी रॉकेल किंवा शेतातले कीटकनाशक चोळणे हे प्रकार सर्रास चालतात. त्यांनी फायदा होत नाही. उलट अपाय होतो. प्रतिजैविके चुकीच्या मात्रेत दिल्यास जंतू त्यांना दाद देईनासे होतात, आणि त्यांचा अंश अंड्यांतून आपल्याच मुलांच्या पोटात जातो. औषध चालू असताना व नंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. लसूण, हळद असे घरगुती पदार्थ थोडे दिल्याने अपाय होत नाही. परंतु त्यांवर विसंबून चार दिवस घालविले तर अपाय त्या चार दिवसांचा असतो.

बाजाराच्या आदल्या रात्री

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे वळू. "मरायच्या आत विकून मोकळी हो," या सल्ल्यामागे दुष्टपणा नाही. चार पैसे बुडू नयेत एवढीच त्यामागची भावना आहे. परंतु मानमोडीची साथ गावोगाव नेणारे सर्वांत मोठे वाहन म्हणजे बाजारात विकलेली आजारी कोंबडी होय. एका टोपलीत पाय बांधून ठेवलेल्या दहा कोंबड्यांत एक रोगी असली तरी न विकलेल्या कोंबड्या तो रोग घेऊन संध्याकाळी आपापल्या गावी परततात. सात-आठ दिवसांनी तो विकणाऱ्या बाईच्याच गावात, कोणा पै-पाहुण्याबरोबर परत येतो.

हीच गोष्ट कापून खाण्याची व मेलेली कोंबडी फेकून देण्याची. कापताना उडणारी पिसे, रक्त, आतडी उकिरड्यावर जातात आणि तेथेच उद्या इतर कोंबड्या चरतात. मेलेली कोंबडी ओढ्यात अथवा गावाबाहेर फेकल्यास कुत्री व कावळे रोग पसरवितात. ती कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावी. मानमोडीचा विषाणू माणसालाही किरकोळ बाधा करतो. आजारी कोंबडी हाताळून डोळे चोळल्यास डोळे येतात. म्हणून हात धुण्यात कसूर करू नये, व मुलांना दूर ठेवावे.

बर्ड फ्लूचा धोकाही ध्यानात ठेवला पाहिजे. भारतात हा रोग पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा आढळला. अनेक कोंबड्या एकाएकी मरणे, डोके सुजणे, तुरा निळा-जांभळा पडणे, पायांवर रक्ताचे डाग दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. मानमोडी व बर्ड फ्लू यांतील फरक केवळ पाहून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते. म्हणून दोन-चार कोंबड्या एकदम मेल्यास त्या उघड्या हातांनी हाताळू नयेत, सोलू नयेत व लगेच कळवावे. तपासणीसाठी पक्षी हवा असेल तर तो कसा द्यावयाचा ते डॉक्टर सांगतील.

कळविणे हे केवळ सौजन्य नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध करणारा जो कायदा २००९ साली संसदेने केला, त्यात हे दोन्ही रोग समाविष्ट असून रोगाची खबर देणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आहे. खबर दिली तर कोंबड्या मारून टाकतील, ही भीती अनेकांच्या मनात असते. प्रत्येक आजारात तसे होत नाही. बर्ड फ्लू सिद्ध झाल्यास पक्षी नष्ट करावे लागतात हे खरे. परंतु त्यासाठी नुकसानभरपाईची तरतूद आहे. आपोआप मेलेल्या अथवा गुपचूप पुरलेल्या कोंबडीचे मात्र काहीच मिळत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर खबर देता येते.

एका बाटलीचा प्रश्न

ज्या रोगावर औषध नाही, त्यावर लस आहे. राणीखेतपासून फार दूर नसलेल्या मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात मानमोडीची लस तयार झाली. 'आर-टू-बी' या नावाने ती आजही वापरात आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात 'लासोटा' लसीचा एक थेंब डोळ्यात अथवा नाकात देतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा देतात, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर 'आर-टू-बी' पंखाच्या कातडीखाली टोचतात. देवीची लसही त्याच सुमारास दिली जाते. पुढील मात्रा केव्हा द्यावयाच्या ते आपल्या भागातील पशुधन विकास अधिकारी सांगतील. लस फक्त निरोगी कोंबडीला द्यावयाची असते. आजारी कोंबडीला ती औषध म्हणून लागू पडत नाही. संरक्षण निर्माण होण्यास एक-दोन आठवडे लागतात. म्हणून साथ वेशीवर आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

इतकी साधी गोष्ट सर्वत्र का होत नाही? त्याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांसाठी असते, आणि एका बाईकडे असतात सात. बाटली बर्फावर, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात आणावी लागते आणि लस कालविल्यानंतर दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. सात कोंबड्यांसाठी बाटली फोडणे दवाखान्यालाही परवडत नाही व बाईलाही नाही. परंतु आळीतील पंधरा घरांनी मिळून एक दिवस ठरविला की हिशेब जुळतो. महिला बचत गटाच्या बैठकीत कोणाकडे किती कोंबड्या आहेत याची यादी करावी, ती दवाखान्यात द्यावी, आणि ठरल्या दिवशी कोंबड्या सकाळी सोडू नयेत. दिवसभर रानोमाळ हिंडणारी कोंबडी दुपारी हाती लागत नाही. खुराड्यात असते तेव्हा एका तासात सगळ्या आळीचे काम होते.

यात आणखी एक लाभ आहे. एकाच घरच्या कोंबड्यांना लस टोचली आणि शेजारच्या राहिल्या, तर रोगाला गावात ठाणे मिळतच राहते. सगळ्यांच्या टोचल्या गेल्या तर त्याला शिरावयास जागा उरत नाही. परसातील कोंबड्यांना कुंपण नसते. एकीची कोंबडी दुसरीच्या अंगणात चरते. तेव्हा त्यांचे रक्षणही एकेकटीने होण्यासारखे नाही.

ज्या संध्याकाळी सातवी कोंबडी तुळशीपाशी पिसारा फुगवून उभी दिसेल, त्या संध्याकाळी ती बाजाराच्या टोपलीत न जाता डालग्याखाली जावी. तिच्याजवळ पाणी असावे, आणि सकाळी दवाखान्यात निरोप जावा. ती वाचेल असे आश्वासन कोणी देऊ शकणार नाही. परंतु तिच्यामागच्या सहा, आणि शेजारणींच्या साठ, वाचण्याची शक्यता त्या रात्रीपासूनच सुरू होते.